विकत मिळतो, म्हणून बनवू नये?

‘मी घरी एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय, बनवतोय’ असं एखाद्या तरुणानं म्हणायचा अवकाश, चहूबाजूंनी एकच सूर निघतो: कशाला? दुकानात दोन-अडीचशे रुपये टाकले की १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर मिळतो, तर हा उपद्व्याप कशासाठी? हा सूर विजेची माहिती नसलेल्यांचा असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण तो इंजिनिअरांचा आहे, तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांचा आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरमागे उभ्या असलेल्या जाणकारांचा आहे. आणि सगळ्यांत क्लेशकारक म्हणजे तो हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचाही आहे. या मंडळींना घरी बनवलेला ॲम्प्लिफायर चालतो, रेडिओ चालतो, रोबोचं तर कौतुकच होतं. पण स्विचिंग पॉवर सप्लाय म्हटला की तीच माणसं नव्या पोराला दारातून परत पाठवतात. मला या वृत्तीची चीड आहे. ती का आहे, हे मुद्द्यांनी सांगतो.

आधी समोरच्यांचं म्हणणं पुऱ्या ताकदीनिशी मांडू. ते म्हणतात: एक, तो विकत स्वस्त मिळतो. दोन, २३० व्होल्टशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ. तीन, हौशी कामाला ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ ही रेग्युलेटर आयसी पुरे, स्विचिंग हे तज्ज्ञांचं क्षेत्र. चार, शिकायचंच असेल तर संगणकावर सिम्युलेशन करावं. पाच, काहीही केलं तरी घरचा सप्लाय कारखान्याच्या तोडीचा होणार नाही. आणि सहा, आजच्या मुलानं कोडिंग शिकावं, तारा गुंडाळत बसू नये. सहाही मुद्दे ऐकायला शहाणपणाचे वाटतात. एकेक तपासून पाहू.

पहिला मुद्दा पैशांचा. घरी बनवलेला सप्लाय स्वस्त पडतो, असा दावा कुणी केला? सुटे भाग किरकोळीनं घेतले तर तो महागच पडतो. पण घरात पोळ्या करायला शिकणाऱ्या मुलाला ‘कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात पोळी मिळते’ असं सांगून कुणी उठवतं का? विकत मिळणं हे न शिकण्याचं कारण असेल, तर मग शिकण्यासारखं जगात उरतं तरी काय? आणि इथे तर प्रश्न आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक उपकरणाचा आहे. मोबाइलचा चार्जर, लॅपटॉप, टीव्ही, राउटर, सेट टॉप बॉक्स, कितीतरी एलईडी बल्ब: भिंतीतून येणारी वीज यांतल्या प्रत्येकात शिरताना स्विचिंग मंडलातूनच जाते. ज्या एका रचनेवर अख्खं घर चालतं, ती आतून कशी आहे हे घरातल्या एकालाही ठाऊक नसावं, आणि कुणी ते जाणून घ्यायला निघाला तर त्याला किंमत सांगून थांबवावं, हा व्यवहारीपणा नव्हे. ही आयुष्यभर केवळ गिऱ्हाईक राहण्याची तयारी आहे.

दुसरा मुद्दा धोक्याचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. २३० व्होल्टची एसी ब्रिज रेक्टिफायरमधून गेली की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभी राहते. तो कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात ५ जूलच्या आसपास ऊर्जा साठते, आणि प्लग काढल्यावरही ती तिथेच बसून असते. हे माणूस मारू शकतं. यात तडजोड नाही.

पण धोका आहे म्हणून शिकवायचं नाही, की धोका आहे म्हणूनच नीट शिकवायचं? या कामाला एक शिस्त आहे आणि ती शिकवता येते. पहिला स्विचिंग सप्लाय मेन्सवर करायचाच नसतो. १२ व्होल्टची बॅटरी घ्यावी, एमसी३४०६३ सारखी साधी आयसी घ्यावी आणि १२ चे ५ करणारा बक कन्व्हर्टर बनवावा. त्यात जीव जाईल असं काही नाही आणि स्विचिंगचं निम्मं शास्त्र त्यातच आहे. मग २४ व्होल्टवर चालणारा छोटा फ्लायबॅक कन्व्हर्टर करावा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर हाताखालून जातो. मेन्स येते ती त्यानंतर, आणि तीही आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीज बल्ब घेऊन. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावला की शॉर्ट असेल तर तो भगभगून पेटतो आणि मंडल वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. कपॅसिटरला ब्लीडर रेझिस्टर कायमचा जोडलेला असावा आणि हात घालण्याआधी मीटरनं व्होल्टेज मोजलेलं असावं. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप थेट मेन्सवरच्या प्राथमिक बाजूला कधी लावू नये, कारण ती क्लिप अर्थिंगलाच जोडलेली असते. एक हात मंडलापासून दूर असावा. घरात दुसरं माणूस जागं असावं. यातली कोणती गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या, समंजस मुलाला वडीलधाऱ्याच्या देखरेखीखाली समजणार नाही?

आणखी विचारतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या सप्लायची प्राथमिक बाजूही २३० व्होल्टवरच असते ना? पंख्याचा रेग्युलेटर बदलताना, गीझरचा प्लग दुरुस्त करताना, गणपतीच्या आराशीत दिव्यांच्या माळा जोडताना याच घरांतून किती जण मेन्सला हात घालतात? तिथे कुणी अडवत नाही. बहुतेकदा तिथे टेस्टरखेरीज हातात काही नसतं. जो सप्लाय बनवायला शिकतो तो आधी मोजायला शिकतो. तो त्या घरातला विजेच्या बाबतीत सर्वांत सावध माणूस ठरतो.

आणि विकत घेतल्यानं धोका टळतो हे कुणी सांगितलं? आपल्याकडे २०१२ च्या आदेशानं पॉवर ॲडॉप्टर सक्तीच्या नोंदणीखाली आले. त्यावर बीआयएसची खूण असायला हवी. तरी खूण नसलेले चार्जर फुटपाथवर मिळतात आणि आपण ते उशाशी लावून झोपतो. असा एखादा जुना चार्जर प्लगमधून काढून, कपॅसिटर रिकामा करून उघडून पाहा. मेन्सची बाजू आणि आपल्या हाताला लागणारी बाजू यांच्यात बोर्डावर निदान ६ मिलिमीटरचं अंतर ठेवण्याची रीत आहे. ते तिथे आहे का? दोन्ही बाजूंना जोडणारा कपॅसिटर वाय वर्गाचा आहे की साधा? वाय वर्गाचा कपॅसिटर अशा रीतीनं बनवलेला असतो की बिघडला तरी त्यानं शॉर्ट होऊ नये. साधा कपॅसिटर शॉर्ट होऊ शकतो, आणि झाला तर मेन्स थेट फोनच्या वायरीत येते. प्राथमिक आणि दुय्यम वाइंडिंगमध्ये टेपचे थर आहेत की नाममात्र एक वेढा? हे प्रश्न कुणाला सुचतील? ज्यानं स्वतःच्या बोर्डावर ते अंतर आखलं आहे, ज्यानं स्वतःच्या हातानं मायलर टेपचे तीन थर गुंडाळले आहेत, त्यालाच. दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव घरोघरी आहे. कुणी घाबरतं, कुणी दुर्लक्ष करतं. बनवणाऱ्याला ठाऊक असतं की वाय कपॅसिटरमधून मिलिॲम्पिअरच्या अंशाएवढा प्रवाह झिरपतो आहे. आणि झिणझिण्यांच्या जागी झटका बसला तर तो चार्जर त्याच क्षणी फेकायचा, हेही त्यालाच ठाऊक असतं. अज्ञानाला सुरक्षितता म्हणणं हाच या वादातला सर्वांत मोठा धोका आहे.

तिसरा मुद्दा ‘७८०५ पुरे’ असा. ७८०५ चांगली आयसी आहे आणि शिकायची सुरुवात तिच्यापासून व्हावी. पण ती पुरे कशी? १२ व्होल्टमधून ५ व्होल्टला १ ॲम्पिअर काढला तर ५ वॅट कामी येतात आणि ७ वॅट हीटसिंकवर जळतात. म्हणजे वापरली त्याहून जास्त वीज हवेत गेली. हे दृश्य ज्या विद्यार्थ्यानं बोट भाजून अनुभवलं, त्याला पुढचा प्रश्न पडणारच: ही ७ वॅट वाचवता येतील का? तो प्रश्न पडल्यावर त्याला सांगायचं की पुढचं दार तुझ्यासाठी नाही?

त्या दारापलीकडे काय आहे ते पाहा. ट्रान्सफॉर्मरचा आकार वारंवारितेवर ठरतो. ५० हर्ट्झवर गाभ्याला दर फेरीत पुष्कळ वेळ चुंबकीय भार पेलावा लागतो, म्हणून लोखंड जास्त आणि तांबंही जास्त. वारंवारिता ६५ किंवा १०० किलोहर्ट्झवर नेली की तेवढंच काम बोटाच्या पेराएवढा फेराइट कोअर करतो. खरं तर फेराइट लोखंडापेक्षा चार-पाच पट लवकर संपृक्त होतो, तरीही तोच जिंकतो, कारण वारंवारिता हजार-दोन हजार पट वाढलेली असते. तारेचंही तसंच. १०० किलोहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगत सुमारे ०.२ मिलिमीटर खोलीतूनच वाहतो. जाड तार घेतली तर तिचा मधला भाग जवळजवळ बिनकामाचा. म्हणून बारीक तारांचा पीळ घालायचा. आणि फ्लायबॅकच्या कोअरमध्ये मुद्दाम कागदाएवढी फट ठेवायची, कारण ऊर्जा साठते ती मुख्यतः त्या फटीतल्या हवेत, फेराइटमध्ये नव्हे. बारावीच्या पुस्तकात फॅरडेचा नियम एका ओळीत येतो आणि परीक्षेबरोबर जातो. इथे तो हातात येतो. एवढं श्रीमंत भौतिकशास्त्र टेबलावर मावणाऱ्या दुसऱ्या कोणत्या प्रकल्पात मिळेल, हे मला कुणीतरी सांगावं.

चौथा मुद्दा सिम्युलेशनचा. सिम्युलेशन जरूर करावं. बोर्ड पेटवण्याआधी करावंच. पण सिम्युलेशन तुमच्याकडून आकडे मागतं, आणि ते आकडे येतात कुठून? ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमधलं कपलिंग किती, हे सॉफ्टवेअर तुम्हालाच विचारतं. ०.९९ लिहिलं तर एक उत्तर, ०.९५ लिहिलं तर दुसरं. खरा आकडा तुमच्या हातानं ठरतो. आधी सगळं प्राथमिक आणि वर सगळं दुय्यम गुंडाळलं तर चुंबकीय गळती जास्त. अर्धं प्राथमिक, मध्ये दुय्यम, वर उरलेलं प्राथमिक असं गुंडाळलं तर गळती बरीच उतरते. ती मोजायची तर दुय्यम बाजू शॉर्ट करून प्राथमिकचा इंडक्टन्स एलसीआर मीटरवर बघायचा. त्या गळतीतूनच, स्विचचं काम करणारा मॉस्फेट बंद होताना, व्होल्टेजचा सुळका उठतो. ३२५ व्होल्टवर दुय्यम बाजूनं परतलेलं १०० व्होल्ट चढतं, त्यावर हा सुळका, आणि ६०० व्होल्टचा मॉस्फेट फट्कन उडतो. मग क्लॅम्पचा डायोड, रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचं मोल कळतं. पडद्यावर मॉस्फेट उडत नाही, म्हणून पडदा ते शिकवूही शकत नाही.

‘पण आता सगळं आयसीतच असतं’ असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. पीडब्ल्यूएम, आतला मॉस्फेट, करंट लिमिट हे सगळं आयसीत येईल. ट्रान्सफॉर्मर आयसीत येत नाही. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांची मांडणी आयसीत येत नाही. फीडबॅक सांभाळणाऱ्या टीएल४३१ आणि ऑप्टोकप्लर यांच्या भोवतीचे दोन-तीन भाग चुकले की सप्लाय शिट्टी घालू लागतो, ती शिट्टीही आयसी थांबवत नाही. फीडबॅक कसा डळमळतो आणि कसा स्थिरावतो, हे कानांनी ऐकू येणारं शिक्षण आहे.

पाचवा मुद्दा कारखान्याच्या तोडीचा. इथे इतिहासच साक्षीला आहे. १९७० मध्ये रॉबर्ट बॉशर्ट या अमेरिकन अभियंत्यानं नोकरी सोडली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पॉवर सप्लाय बनवायला घेतले. स्विचिंग सप्लाय तेव्हा महागडी, मोजक्या ठिकाणी वापरली जाणारी वस्तू होती. ते साधे आणि स्वस्त करणं हाच त्यानं ध्यास घेतला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. १९७७ साली ॲपल टू हा संगणक पंख्याशिवाय चालू शकला, कारण रॉड होल्ट यांनी त्याच्यासाठी कमी तापणारा स्विचिंग सप्लाय आखला. आज ज्याला आपण ‘तज्ज्ञांचं क्षेत्र’ म्हणून कुंपण घालतो, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावरून पुढे आलेलं आहे.

आणि तोड कशाशी? कारखान्याचा ॲडॉप्टर किंमत कमी ठेवण्यासाठी आखलेला असतो, तुमच्या गावच्या विजेसाठी नव्हे. खेड्यात न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात काय होतं ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे: टीव्हीपासून चार्जरपर्यंत सगळं एका रात्रीत जळतं. ३०० व्होल्ट एसी आली की रेक्टिफायरनंतर ४२४ व्होल्ट होतात आणि ४०० व्होल्टचा कपॅसिटर फुटतो. स्वतः बनवणारा तिथे ४५० व्होल्टचा कपॅसिटर घालू शकतो, ८०० व्होल्टचा मॉस्फेट घालू शकतो, पुढे जादा व्होल्टेज शोषणारा एमओव्ही आणि फ्यूज घालू शकतो. आउटपुटचा कपॅसिटर उष्ण हीटसिंकपासून थोडा दूर बसवू शकतो, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. हे सगळे निर्णय त्याचे असतात. कार्यक्षमतेत तो चार-सहा टक्के मागे राहील. राहू दे. ५ व्होल्टच्या आउटपुटवर साधा डायोड १ व्होल्ट खातो आणि शॉट्की अर्धा व्होल्ट, हे एकदा मोजलं की त्यातले काही टक्के तो दुसऱ्याच प्रयोगात परत मिळवतो.

रेडिओचं उदाहरण तर कानाशीच आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. ६६ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या चार्जरचा बारावा हार्मोनिक नेमका तिथेच पडतो. फिल्टर वगळून पैसे वाचवलेला चार्जर लावला की बातम्यांच्या जागी भणभण ऐकू येते, आणि लोक ‘रेडिओ बिघडला’ म्हणतात. सप्लाय बनवणारा हौशी माणूस खिशातला रेडिओ आपल्या बोर्डाजवळ नेतो, भणभण ऐकतो, कॉमन मोड चोक आणि एक्स कपॅसिटर घालतो, पुन्हा ऐकतो. शेजाऱ्याचा रेडिओ खराब करू नये, ही जबाबदारी तो स्वतःवर घेतो. स्वस्तातल्या कितीतरी चार्जरांनी ती घेतलेली नाही. मग तोडीचा कोण?

दुरुस्तीचाही विचार करा. अर्धा डझन कपॅसिटर फुगले म्हणून संगणकाचा अख्खा सप्लाय भंगारात जातो. त्याच भंगारातल्या सप्लायमध्ये टीएल४९४, १३००७ चे ट्रान्झिस्टर, फेराइट कोअर, चोक, हीटसिंक असं शिकण्याचं सगळं साहित्य पडलेलं असतं. ज्यानं एक सप्लाय बनवला तो दहा दुरुस्त करतो. ई-कचऱ्यावर भाषणं देणाऱ्यांनी अशा एका माणसाला तरी परावृत्त करू नये.

सहावा मुद्दा कोडिंगचा. कोडिंग शिकावं, उत्तम शिकावं. पण ते कोड जिथे चालतं तो प्रोसेसर, ते सर्व्हर, ती विजेवरची गाडी, तो सौर पंपाचा कंट्रोलर, हे सगळं स्विचिंग पॉवर कन्व्हर्टरवरच उभं आहे. सौर पॅनेलमागचा चार्ज कंट्रोलर म्हणजे मोठा झालेला तोच कन्व्हर्टर. विदर्भ-मराठवाड्यात शेतावर सौर पंप बसत असताना ते उघडून दुरुस्त करणारी माणसं कुठून येणार? ज्यांनी विद्यार्थी असताना टेबलावर एखादा फ्लायबॅक बनवला, त्यांच्यातूनच ना? आज मात्र अंतिम वर्षाचे प्रकल्प तयार विकत आणले जातात, परीक्षक ते चालू करून पाहतात आणि गुण देतात. विद्यार्थ्याला आतलं एक वाइंडिंग सांगता येत नाही. ‘विकत मिळतं, मग बनवायचं कशाला’ हे वाक्य आपण त्याला लहानपणापासून ऐकवलं, त्याचंच हे फळ आहे.

सहा मुद्दे संपले. यांपैकी एकही घरी एसएमपीएस बनवण्याविरुद्ध उभा राहत नाही. धोक्याचा मुद्दा खरा आहे, आणि तो आपल्याला शिस्त शिकवायला सांगतो, थांबायला नव्हे. बाकीचे पाच न शिकण्याची सबब आहेत.

म्हणून तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांना माझं सांगणं आहे: प्रयोगशाळेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवा, सिरीज बल्बचा बोर्ड ठेवा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक फेराइट ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळून घ्या. पालकांना सांगणं आहे: मुलगा-मुलगी हे करू म्हणाली तर किंमत सांगू नका, पहिल्यांदा मेन्स देताना शेजारी उभे राहा. जुन्या जाणत्या हौशी मंडळींना सांगणं आहे: नव्या पोराला ‘हे तुझं काम नाही’ म्हणू नका, त्याला कपॅसिटर रिकामा करायला शिकवा. आणि ज्याला बनवायचा आहे त्याला एवढंच: बॅटरीवरच्या बक कन्व्हर्टरपासून सुरुवात कर, घाई करू नकोस, मोजल्याशिवाय हात लावू नकोस, पण बनव. दुकानात तो मिळतोच. तो कसा चालतो याचं ज्ञान मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.